नामोच्चाराचे तर्पण : ऑस्ट्रेलियातील युद्धस्मरणाची परंपरा

ऑस्ट्रेलिया हा शब्द वर्गात उच्चारला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम क्रिकेटचे मैदान उभे राहते, मग कांगारू, आणि भूगोलाचा अभ्यास बरा असेल तर मेंढ्यांचे कळप व लोकर. त्या देशात वर्षातला सर्वांत गंभीर दिवस कोणता मानतात, हे सांगू शकणारा विद्यार्थी आम्हांस आजवर भेटलेला नाही. आणि खरे सांगायचे तर शिक्षकही फारसे भेटलेले नाहीत. तो दिवस २५ एप्रिलचा. त्यास ‘अँझॅक दिन’ म्हणतात. या दिवसाची, आणि त्याभोवती शंभरांहून अधिक वर्षांत वाढलेल्या युद्धस्मरणाच्या परंपरेची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. ज्या बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र १९२२ सालापासून नांदत आहे, तेथे बसून आम्ही हे लिहीत आहो, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण परक्या देशाच्या या कथेचे एक टोक शेवटी आपल्याच चावडीपाशी येऊन पोहोचते.

प्रथम त्या पहाटेचे स्वरूप पाहू. पूर्वेस उजेड फुटण्याच्या आधी सिडनी-मेलबर्नसारख्या महानगरांत, तशीच लहानसहान खेड्यांतही, माणसे घराबाहेर पडतात आणि गावच्या युद्धस्मारकापाशी अंधारात मुकाट्याने उभी राहतात. पुष्कळांच्या छातीवर पदके असतात. स्वतः मिळवलेले पदक डाव्या बाजूस लावावे आणि वाडवडिलांचे उजव्या बाजूस, असा संकेत आहे. कोटास रोझमेरीची डहाळी खोवलेली असते. ही सुगंधी वनस्पती युरोपात जुन्या काळापासून स्मरणाचे चिन्ह मानली गेली आहे, आणि ज्या टेकड्यांवर हे सैनिक पडले तेथे ती रानोमाळ उगवते. लॉरेन्स बिन्यन या इंग्रज कवीने १९१४ साली लिहिलेल्या कवितेतील चार ओळी कोणी एक म्हणतो आणि तिचे अखेरचे शब्द जमाव पुन्हा उच्चारतो. छावणीत दिवस संपल्याची खूण म्हणून वाजविला जाणारा ‘लास्ट पोस्ट’ बिगुलावर वाजतो. त्यानंतर स्तब्धता, आणि मग पुन्हा बिगुल, या वेळी जागे होण्याचा. एवढ्यात उजाडते. सिडनी येथे हा प्रभातविधी १९२८ साली रीतसर सुरू झाला. पहाटेची वेळ निवडण्यामागे कारण आहे. शत्रूचा हल्ला बहुधा याच वेळी येतो म्हणून खंदकातील प्रत्येक शिपायास उजाडण्यापूर्वी बंदूक घेऊन सज्ज राहावे लागे. शिवाय ज्या घटनेचे हे स्मरण, तीही पहाटेसच घडली होती.

ती घटना अशी. पहिले महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने होत आले होते. तुर्कस्तानच्या ताब्यातील दार्दनेल्सची सामुद्रधुनी मोकळी करावी, कॉन्स्टँटिनोपल घ्यावे आणि रशियास वाट करून द्यावी, असा बेत दोस्त राष्ट्रांनी आखला. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर सैन्य उतरविण्यात आले. त्यात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचे एक संयुक्त दल होते. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून ‘अँझॅक’ हा शब्द झाला. किनारा अरुंद, त्यावर उभे कडे, आणि कड्यांवर आपल्या भूमीसाठी जिवावर उदार होऊन लढणारे तुर्क. आठ महिने हे दल त्या कड्यांस चिकटून राहिले आणि डिसेंबरमध्ये रातोरात परत निघाले. आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन त्या मातीत राहिले. न्यूझीलंडचे अडीच हजारांहून अधिक पडले. ब्रिटिश व फ्रेंच याहून अधिक, आणि तुर्क तर कितीतरी पटींनी अधिक. मोहीम सर्वथा फसली.

हिंदी वाचकाने येथे एक गोष्ट ओळखून ठेवावी. अँझॅक किनाऱ्यावर पहिल्याच सकाळी ज्या तोफा उतरल्या त्या हिंदी सैन्याच्या पहाडी तोफखान्याच्या होत्या. कोहाट आणि जेकब यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दोन तुकड्यांतील गोलंदाज बहुतांशी पंजाबी मुसलमान व शीख होते. खंदकांपर्यंत पाणी व दारूगोळा वाहून नेणारी खेचरे हाकणारेही आपलेच लोक. जखमींना गाढवावर घालून खाली आणणारा सिम्सन नावाचा शिपाई ऑस्ट्रेलियातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. तो आपल्या तुकडीस सोडून या हिंदी खेचरवाल्यांच्या तळावर राहत असे. १९ मे १९१५ रोजी तो मारला गेला.

मग प्रश्न असा की, पराभवाचा दिवस एखाद्या राष्ट्राने आपला सर्वांत गंभीर दिवस का मानावा? याचे नेहमीचे उत्तर म्हणजे, ऑस्ट्रेलियाच्या वसाहती एकत्र येऊन राष्ट्र झाले ते १९०१ साली आणि चौदा वर्षांनी या रणात त्या राष्ट्रास स्वतःची ओळख पटली. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते पुरेसे आहे असे आम्हांस वाटत नाही. राष्ट्राची ओळख विजयोत्सवानेही साजरी करता आली असती. पहाटेचा अंधार, मौन आणि बिगुल ही उत्सवाची सामग्री नव्हे. ती अंत्यविधीची आहे. आणि या विधीचे मर्म शोधायचे तर रणनीतीकडे न पाहता, त्या मृतांच्या देहांचे काय झाले इकडे पाहिले पाहिजे.

१९१४ साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांहूनही थोडी कमी होती. त्यांतून चार लाखांहून अधिक पुरुष सैन्यात दाखल झाले, आणि तेही स्वेच्छेने. सक्तीची भरती करावी काय, असा कौल सरकारने १९१६ व १९१७ अशा दोन वेळा जनतेस विचारला. दोन्ही वेळा जनतेने नकार दिला. समुद्रापार गेलेल्यांपैकी साठ हजारांहून अधिक परतले नाहीत, म्हणजे साधारण पाचांतील एक. एवढ्या घरांत मृत्यूची तार आली. पण एकाही घरी प्रेत आले नाही. कोणताही मृत सैनिक मायदेशी आणू नये, जेथे पडला तेथेच पुरावा, असा साम्राज्याचा दंडक ठरला होता. श्रीमंताने आपला मुलगा न्यावा आणि गरिबाचा तेथेच राहावा, असा भेद होऊ नये हा त्यामागील विचार. अपवाद एकच झाला. गॅलिपोलीवर जखमी होऊन मरण पावलेले सेनापती ब्रिजेस यांचा देह १९१५ साली कॅनबेरा येथे आणून पुरण्यात आला. बाकी सारे परभूमीत राहिले. जलमार्गाने दीड-दोन महिन्यांच्या अंतरावर असलेल्या त्या कबरी पाहण्याचे भाग्य बहुतेक आयांना जन्मात लाभले नाही. शिवाय हजारोंना कबरही नव्हती. तोफगोळ्यांनी नांगरलेल्या भूमीत ते नाहीसेच झाले होते.

देह नाही, कबर नाही. मग उरले काय? नाव उरले. आमच्या मते ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मरणाचे सगळे रहस्य या एका शब्दात आहे. जेथे देह ठेवता आला नाही तेथे त्या लोकांनी नाव ठेवले, आणि देहाची जशी काळजी घ्यावी तशी त्या नावाची घेतली.

याचा आरंभ युद्ध चालू असतानाच झाला. माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची कन्या व्हेरा डीकिन ही तरुणी १९१५ साली इजिप्तमध्ये गेली आणि रेड क्रॉसच्या वतीने तिने बेपत्ता व जखमी सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालविली. पुढे ती कचेरी लंडनला हलली. ‘बेपत्ता’ एवढाच शब्द ज्या घरी कळविण्यात आला होता, त्या घरच्या पत्रावरून ही मंडळी इस्पितळांत व छावण्यांत जाऊन त्या तुकडीतील सोबत्यांस गाठीत. तुम्ही त्यास शेवटचे केव्हा पाहिले, तो कसा पडला, पुरला कोठे, असे विचारून ते उत्तर शब्दशः टिपून घेत आणि घरी कळवीत. अशी सुमारे बत्तीस हजार प्रकरणे त्या कचेरीने हाताळली. सरकारी तारेने जे सांगितले नव्हते ते एका माणसाने दुसऱ्या माणसास विचारून मिळविलेले हे उत्तर सांगत असे.

पुढे गावोगाव स्मारके उभी राहिली. ही सरकारने बांधलेली नव्हती. लोकांनी वर्गणी काढून बांधली. कोठे दगडी शिपाई बंदूक उलटी धरून मान खाली घालून उभा आहे, कोठे नुसता स्तंभ, कोठे दवाखाना किंवा सभागृह. परंतु नावांची यादी बहुतेक सर्वत्र आहे. पुष्कळ ठिकाणी केवळ मेलेल्यांचीच नव्हे तर जाऊन परत आलेल्यांचीही नावे कोरलेली आढळतात. भरती स्वेच्छेची होती, तेव्हा जो गेला त्याची नोंद गावाने ठेवली पाहिजे, अशी ही समजूत. बॅलरट या गावी तर दगडाऐवजी झाडे लावली. १९१७ ते १९१९ या काळात त्या परिसरातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकासाठी एक, अशी पावणेचार हजारांच्या घरात झाडे सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या रस्त्याच्या दुतर्फा लावली गेली आणि प्रत्येक झाडास त्या व्यक्तीच्या नावाची पाटी लाविली. या कामाचा भार एका कापडकारखान्यातील कामगार मुलींनी उचलला होता.

शाळामास्तराच्या मनास विशेष भिडणारी हकीकत फ्रान्समधील आहे. व्हिलेर-ब्रेतोनो हे गाव १९१८च्या २४ व २५ एप्रिल रोजी ऑस्ट्रेलियन सैन्याने जर्मनांकडून परत घेतले. गॅलिपोलीच्या उतरणीस त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. गाव उद्ध्वस्त झाले होते, शाळाही पडली होती. व्हिक्टोरिया राज्यातील शाळकरी मुलांनी पेनी-पेनी जमवून ती शाळा पुन्हा उभारण्यास मदत केली. १९२७ साली ती उघडली. ऑस्ट्रेलियास कधी विसरू नये, अशा अर्थाचे वाक्य त्या शाळेच्या पटांगणात आजही वाचावयास मिळते. ज्या मुलांचे बाप वा भाऊ त्या मातीत होते, त्यांनी त्या मातीतल्या मुलांना शाळा दिली. स्मरण केवळ मागे पाहणारे असते, हा समज येथे खोटा ठरतो. १९२३ साली सुरू झालेली ‘लेगसी’ ही संस्थाही हेच सांगते. परतलेल्या सैनिकांनी न परतलेल्या सोबत्यांच्या विधवांची व मुलांची जबाबदारी आपण होऊन घेतली. त्यांच्या लेखी नाव स्मरणे म्हणजे त्या नावाचे घर सांभाळणे होते.

या सर्व लहानमोठ्या स्मृतींचा एक राष्ट्रीय आधार म्हणजे कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारक. चार्ल्स बीन हे युद्धाचे अधिकृत इतिहासकार. १९१६ साली पोझिएर येथे सात आठवड्यांच्या आत तेवीस हजार ऑस्ट्रेलियन मेलेले वा जखमी झालेले त्यांनी पाहिले. तेथेच त्यांच्या मनात या स्मारकाची कल्पना आली असे म्हणतात. इमारत पुरी होऊन उघडली ती ११ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटलेले असताना. तिच्या ओवऱ्यांत काशाच्या पत्र्यांवर एक लाख तीन हजारांच्या आसपास नावे आहेत. त्यांत एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. नावापुढे हुद्दा नाही, पदक नाही. सेनापती व खेचरवाला आपापल्या तुकडीखाली अकारविल्हे एका ओळीत आहेत. मरणाने जे समान केले ते मनुष्याने पुन्हा विषम करू नये, हा भाव.

११ नोव्हेंबर १९९३ रोजी व्हिलेर-ब्रेतोनोनजीकच्या दफनभूमीतून एका अनोळखी ऑस्ट्रेलियन सैनिकाचे अवशेष आणून या स्मारकात ठेवण्यात आले. सेनापती ब्रिजेस यांच्यानंतर त्या युद्धातील परत आलेला हा पहिलाच देह, आणि तो बिननावाचा. त्या दिवशी दर्शनासाठी रांगेत ताटकळलेल्या लोकांनी हातातील पॉपीची लाल फुले ओवरीतील नावांच्या बाजूच्या फटींत खोवली. कोणी आज्ञा केली नव्हती; पण तेव्हापासून ती रीतच पडली. आज त्या भिंती नेहमी लाल दिसतात. युरोपातून आलेले फूल आणि आपल्या घरचे नाव यांची गाठ लोकांनी आपल्या हाताने घातली. २०१३ सालापासून तेथे रोज सायंकाळी एका विधीत त्या यादीतील एकाच व्यक्तीची कथा सांगण्यात येते. रोज एक नाव घेतले तरी सर्व नावे संपण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागतील. तरीही तो नेम चालू आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे गुणगान झाले. तसे नव्हे. या परंपरेचे दोषही तिथल्याच लोकांनी दाखविले आहेत. ॲलन सीमूर यांचे ‘द वन डे ऑफ द इयर’ हे नाटक १९६० साली ॲडलेड येथील महोत्सवाने नाकारले. अँझॅक दिनाच्या दुपारी परतलेले सैनिक दारू पिऊन जो धुडगूस घालीत, त्यावर त्यात एक तरुण मुलगा बापाशी भांडतो. अखेर एका हौशी नाट्यमंडळाने ते रंगभूमीवर आणले. आणि पुढे ते त्या देशातील शाळांतूनही अभ्यासले गेले. जन्मतारखांची सोडत काढून ज्या तरुणांना व्हिएतनामच्या युद्धात धाडले, ते परतले तेव्हा त्यांचे स्वागत थंडच झाले. त्या युद्धात पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन मेले होते. त्या सैनिकांची स्वागताची मिरवणूक सिडनीत निघाली ती १९८७ साली.

याहून मोठा दोष मूलनिवासींच्या बाबतीत. युरोपीय वंशाचे नसलेल्यांस भरतीतून वगळणारा कायदा असतानाही हजाराहून अधिक मूलनिवासी पहिल्या महायुद्धात लढले. परत आल्यावर सैनिकांना वाटल्या जाणाऱ्या जमिनींत त्यांस बहुधा वाटा मिळाला नाही, आणि स्मरणाच्या मिरवणुकीतही त्यांस मान मिळण्यास पिढ्या जाव्या लागल्या. त्यांच्या सेवेचे स्वतंत्र शिल्प कॅनबेराच्या स्मारकाच्या आवारात उभे राहिले ते २०१९ साली. वसाहतीच्या काळात गोऱ्यांशी लढताना जे मूलनिवासी मारले गेले त्यांचे स्मरण त्याच स्मारकात कसे व्हावे, हा वाद तर अद्याप मिटलेला नाही. तेव्हा नाव घेण्याची परंपरा असली म्हणून सर्वांचे नाव घेतले जातेच असे नाही. पण त्या परंपरेत एक गुण आहे. एकदा नाव हेच माप ठरले की कोणाचे नाव राहिले, असा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारणाऱ्यास गप्प बसविणे कठीण जाते.

अशा एका प्रश्नकर्त्याची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील फ्रोमेल येथे एका रात्रीत साडेपाच हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले वा पकडले गेले. पडलेल्यांपैकी पुष्कळांचा पुढे पत्ता लागला नाही. मेलबर्नचे एक शिक्षक, लँबिस एंग्लेझोस, यांनी दफनभूमींतील कबरींचा हिशेब मांडला आणि तो जुळत नाही असे त्यांस दिसले. जर्मनांनी एका रानाच्या कडेस सामुदायिक खड्डे खणून प्रेते पुरली असली पाहिजेत, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. २००८ साली खोदून पाहिले तेव्हा ते खरे निघाले. अडीचशे सैनिकांचे अवशेष बाहेर काढून २०१० साली नव्या दफनभूमीत एकेक करून पुरण्यात आले. वंशजांच्या रक्ताशी पडताळा घेऊन त्यांपैकी दीडशेहून अधिकांची नावे आता निश्चित झाली आहेत. नव्वदाहून अधिक वर्षांनी नाव परत मिळाले, ते एका शिक्षकाच्या बेरीज-वजाबाकीमुळे.

आता आपल्या चावडीकडे येऊ. २५ एप्रिल १९१६ रोजी ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात व इजिप्तमध्ये पहिला अँझॅक दिन पाळला जात होता. त्याच दिवशी इराकातील कुत-अल-अमारा येथे एक सैन्य तुर्कांच्या वेढ्यात उपाशी मरत होते. ते होते सहावे, म्हणजे पुण्याचे दल. त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. १९१५च्या डिसेंबरपासून वेढा पडलेला. धान्य संपले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. चार दिवसांनी, २९ एप्रिल रोजी, सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या वेढ्यात नऊ ऑस्ट्रेलियनही होते. हिंदुस्थान सरकारच्या मागणीवरून ऑस्ट्रेलियाने १९१५ साली विमानांची एक लहान तुकडी इराकात धाडली होती; तिचे हे कारागीर. शरणागतीनंतर कैद्यांना उन्हातून, वाळवंटातून शेकडो मैल चालविले. त्या नऊ ऑस्ट्रेलियनांपैकी सात बंदिवासात मेले. त्याच वाटेवर, त्याच तापाने आणि हगवणीने, आपल्या मुलखातील माणसेही मेली.

त्या सात जणांची नावे कॅनबेराच्या भिंतीवर आहेत. आणि आपल्या माणसांची? इराकात मेलेल्या व कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा येथे स्मारक बांधले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचे नाव मात्र दगडावर आले नाही. पलटणीच्या नावाखाली आणखी इतके शिपाई, असा आकडा आला. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथील १९२७च्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत. म्हणजे जे युरोपात मेले ते माणूस राहिले आणि जे इराकात मेले ते संख्या झाले. या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ साली या विषमतेची चौकशी करून ती जाहीरपणे मान्य केली आणि क्षमा मागितली. नावे कागदोपत्री होती, आणि आज आयोगाच्या यादीत ती शोधताही येतात. दगडाने ती घेतली नव्हती एवढेच.

परंतु सर्व दोष परक्या राज्यकर्त्यावर टाकून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडील कित्येक गावांत, चावडीच्या वा देवळाच्या भिंतीत, त्या काळी बसविलेली एक लहानशी फरशी दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. येथेही आकडाच. ही फरशी बसली तेव्हा ज्यांचे बाप गेले ती मुले गावातच होती. त्यांस नावे ठाऊक होती. कोणी ती दुसऱ्या फरशीवर लिहिली नाहीत, आणि आम्ही शिक्षकांनी वहीतही लिहिली नाहीत.

ही रीत आपल्याकडे नव्हतीच असे म्हणावे तर तेही खरे नाही. गावाबाहेर पडलेले वीरगळ पाहावेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीरास नेत आहेत, वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. पराक्रम आहे, सद्गती आहे. पण बहुतेकांवर नाव नाही. तेव्हा गावास नाव ठाऊक होते म्हणून कोरण्याची गरज वाटली नसावी. गाव विसरले आणि दगड मुका राहिला. दुसऱ्या बाजूस आपल्या पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी ही तिथी शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धासाठी मुद्दाम राखून ठेवलेली आहे. आणि तर्पण करताना नाव व गोत्र उच्चारल्यावाचून पाणी सोडता येत नाही, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे नावाचे महत्त्व आपणांस शिकवावे लागत नाही. ते घराच्या उंबरठ्याबाहेर, गावाच्या व राष्ट्राच्या व्यवहारात आणणे तेवढे राहून गेले. दिल्लीस २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे एकेका दगडी विटेवर कोरली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यापूर्वीच्या, परक्या राज्याच्या चाकरीत मेलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ते युद्ध साम्राज्याचे होते. आपली माणसे पोटासाठी गेली. त्यांच्या मरणाचा गौरव आपण का करावा? आमचे उत्तर असे की, नाव घेणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे. गॅलिपोलीचा बेत शहाणपणाचा होता असे आज ऑस्ट्रेलियात कोणी म्हणत नाही. तरीही पहाटेस लोक उभे राहतात. आकडा हा सेनापतीच्या कामाचा असतो. नाव आईने ठेवलेले असते. युद्धाची खरी किंमत मुलांस कळावी असे ज्यास वाटते, त्याने तर आकड्यांवर कधीच समाधान मानू नये.

यासाठी मोठ्या खटाटोपाची आवश्यकता नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी काशाची एक तबकडी पाठविली जाई, तिच्यावर हुद्द्यावाचून नुसते नाव असे. अशी पदके व तबकड्या आपल्या भागातील घरांत, देव्हाऱ्यामागे नाही तर जुन्या पेटीत, अजून पडून आहेत. काही तर तांब्या-पितळेच्या भावाने मोडीत गेली. वरच्या वर्गातील मुलांना आपल्या गावची फरशी उतरवून आणण्यास सांगावे. तिच्यावरील आकडा किती, हे आधी लिहावे. मग घरोघर विचारून, पदकांच्या कडा वाचून, आयोगाच्या यादीशी ताडून, त्या आकड्याखाली जितकी नावे मिळतील तितकी लिहावीत. ज्यांची मिळणार नाहीत त्यांच्यासाठी ओळ कोरी सोडावी. पुसून टाकू नये.

आम्ही हे काम आमच्या शाळेत येत्या वर्षापासून करावयाचे योजिले आहे. शिक्षक रोज सकाळी पहिले काम कोणते करतो? हजेरी घेतो. एकेक नाव मोठ्याने वाचतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर आले नाही तर तो मुलगा कोठे आहे याची चौकशी करतो. वर्गात आज इतके गैरहजर, एवढे लिहून त्याचे भागत नाही. ज्या मुलांची चौकशी शंभर वर्षे कोणी केली नाही, त्यांची हजेरी एकदा घ्यावी, एवढेच आमचे आमच्या व्यवसायबंधूंस सांगणे आहे.